सहा चौकोनांचा फोन

भागवतदादाने मेहकरहून फोन आणला, मायच्या हातात देऊन तिचा फोटो काढला, तो स्टेटसला ठेवला आणि मग फोन तिच्या हातातून घेऊन माझ्याकडे दिला.

"तू सायन्सवाली हायेस न," तो म्हणाला, "मंग हा सोपा करून दे. मायले जास्त काही दिसाले नाई पाहिजे."

अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी जानेफळला परत आले होते आणि मुलाखतीच्या बोलावण्याची वाट पाहत होते. असलं काम मला आवडतं. वयस्कर माणसांसाठीचं एक ॲप मी फोनमध्ये टाकलं. ते चालू केलं की पडद्यावर फक्त सहा मोठे चौकोन राहतात आणि प्रत्येक चौकोनात एक फोटो, खाली नाव. फोटोला बोट लावलं की त्या माणसाला फोन लागतो. आकडे, मेसेज, इंटरनेट सगळं मागे जातं आणि पिन टाकल्याशिवाय पुढे येत नाही. या सहांखेरीज कुणी फोन केला तर तो वाजतही नाही, परस्पर कापला जातो. ही शेवटची सोय दादाला सगळ्यात जास्त आवडली. मध्यंतरी बँकेतून बोलतो म्हणून कुणीतरी मायला आकडे विचारले होते. तिने त्याला आईबहिणीवरून ऐकवून फोन ठेवला होता, पण दादा ती गोष्ट अजून सगळ्यांना सांगत होता.

सहा नावंही त्यानेच सांगितली. तो स्वतः, वहिनी, मी, डॉक्टर, दयाराम आणि मोटर.

मोटरचं सांगायला हवं. आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यात एक सिमकार्ड आहे. मायच्या नंबरवरून त्या डब्याला फोन गेला की मोटर सुरू होते आणि डबा उलट फोन करून एका बाईच्या आवाजात कळवतो, 'मोटर चालू झाली आहे.' शेतातली विजेची लाइन कधी येईल याचा भरवसा नसतो. ती आली आणि तुषारचे पाइप जोडून झाले की आमचा सालदार दयाराम, शेतावरचा वर्षाचा गडी, मायला मिस कॉल देतो. मग माय मोटर सुरू करते. डब्यात नंबर भरलाय तो फक्त तिचा, कारण गावात राहते ती. दादाचं कृषी केंद्र मेहकरला आहे, बिऱ्हाडही तिथेच. मोटरच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली दादाच्या खिशात. आमच्या भागात केबल चोरीला जातात हे खरं. दादाचा दयारामवर विश्वास नाही हेही खरं.

दादाने मायच्या जुन्या बटनांच्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं, फोन माझ्याकडून घेतला आणि पाठ फिरवून पिन टाकला.

"पिन मले तं सांग," मी म्हटलं.

"तुले काय कराचा? काही बदलाचं असलं तं मले सांगजो." जुना फोन त्याने मायच्या मांडीवर टाकला. "हा ठेव बॅटरी म्हणून. याचा लाइट चांगला हाये."

दादाची गाडी गेल्यावर तिने नवा फोन पालथा केला आणि त्यावर लसणाची टोपली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी तिला शिकवायला बसले. दादाने पिन टाकण्याआधीच गॅलरीतून एकेक फोटो निवडून मी चौकोनांत लावले होते. दादाचा दुकानाच्या उद्घाटनाचा होता, टिळा लावलेला. मोटरचा मी दादाबरोबर शेतात जाऊन काढून आणला होता.

"माय, हा दादा. याच्यावर बोट ठेव."

तिने डॉक्टरवर ठेवलं.

"हा डॉक्टर झाला. कापते मी. आता दादा."

तिने माझ्यावर ठेवलं. माझ्याच खिशात माझा फोन वाजायला लागला.

"काय वं," माय म्हणाली, "तू इथंच बसली हायेस. तुले फोन कराले लागते काय?"

"शिकाले म्हणून करून राह्यलो आपण."

"मले जुन्यावर येत होतं सगळं. तुमचं तुम्हाले शिकाचं असन तं शिका."

जुन्यावर तिला खरंच येत होतं. तिला वाचता येत नाही, पण आकडे ओळखता येतात, आणि नेहमीचे नंबर तर ती न बघता, चुलीसमोर बसून अंगठ्याने दाबत असे. या काचेवर अंगठ्याला लागेल असं काहीच नव्हतं. तेव्हा मी ते चालवायच्या सवयीवर ढकललं. लहान मुलाच्या हाताला वळण लागतं तसं तिच्या बोटालाही लागेल, असा माझा हिशेब होता.

पुढचे काही दिवस मी तिला पाहत राहिले आणि तो हिशेब बसेना. दादाला लावायला सांगितलं की बोट डॉक्टरवर जायचं, नाहीतर दयारामवर, नाहीतर दोन चौकोनांच्या मधल्या काळ्या पट्टीवर. पण दयारामचा मिस कॉल आला की ती पदराला हात पुसायची आणि एका झटक्यात मोटरच्या चौकोनावर बोट ठेवायची. एकदाही चुकली नाही. हात थरथरत असेल, नजर अधू असेल, तर मोटरच्या बाबतीतही तेवढीच थरथरेल. चूक जर माणूस पाहून होत असेल तर ती चूक नसते.

"माय," मी म्हटलं, "तुले येते हा फोन."

"येते न."

"मंग काऊन छळून राह्यली मले?"

माय तेव्हा नुकतीच मोटर लावून अंगणात शेंगा फोडत होती. त्याच वेळी फोन वाजला. मोटरच्या डब्याचा होता. तिने तो कानाला लावला, पूर्ण ऐकला आणि खाली ठेवला.

"त्या डब्यातल्या बाईले माह्याशी बोलाची मोकळीक हाये," ती म्हणाली. "माह्या पोरीले नाई. जयमालाचं तोंड कोठी हाये याच्यात? दाखव."

जयमाला माझी मोठी बहीण, दुसरबीडला दिलेली. आमच्याकडे बाप गेला की लग्न झालेल्या बहिणी शेतातला हक्क भावाच्या नावे सोडून देतात. मेहकरला जाऊन सही करतात, भाऊ साडी घेतो, आणि माहेर पूर्वीसारखं चालू राहतं. जयमालाताईने सही दिली नाही. कुणी तिला शिकवलं नव्हतं, कुणी चिथावलं नव्हतं. या ओट्यावर बसून ती दादाला म्हणाली, "मी देत नाई. माहा बाप होता थो." त्यानंतर दादाने तिचं नाव घेणं बंद केलं. माझं लग्न व्हायचं आहे, त्यामुळे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

माय मात्र तिच्याशी रोज बोलायची. हे मला माहीत होतं, दादालाही माहीत असणारच. तरी सहा नावं सांगितली गेली तेव्हा सातव्याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मला सहा फोटो हवे होते आणि सहा मिळाले होते.

मी मागच्या अंगणात जाऊन ताईला फोन लावला.

"बोला," ती म्हणाली. ती मला कधी अहोजाहो करत नाही.

"ताई, मायचा फोन..."

"लावला होता. रोज लावतो. एकदा वाजते न वाजते, का लगेच कट. मले वाटलं मायनंच कापला. मंग तुह्या दादाचा स्टेटस एका जणीनं दाखवला. माय फोन घेऊन बसली हाये, अन् खाली लिवलं, आईसाठी काय पण. कोण बसवून देलं वं थे?"

"मी."

"हुशार हायेस. एम.एस्सी.ले हेच शिकवलं काय तुमाले, कोणाचे फोन कसे कापाचे?"

"मले माहीत नवतं दादा तुह्यासाठी करून राह्यला म्हणून."

"तं आता माहीत झालं न. आता काय करशीन? काही नाई करशीन तू," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिचं म्हणणं तपासून पाहायला मी शेजारच्या सोजराबाईंचा फोन मागून मायला लावला. माय माझ्यासमोरच बसली होती आणि नवा फोन तिच्या गुडघ्याजवळ होता. त्याचा पडदा उजळलासुद्धा नाही. मी बसवलेली गोष्ट चोख चालत होती.

संध्याकाळी दादाला फोन केला. "मायले जयमालाताईचा चौकोन पाहिजे," मी म्हटलं.

"जागा नाई."

"डॉक्टरचा नंबर माह्यापाशी हाये. तो काढून..."

"पुष्पे, तू याच्यात पडू नको. सही होऊ दे तिची. मंग सहा काय, साठ लाव."

"थे सहीचं अन् हे फोनचं वेगळं हाये दादा."

"वेगळं कसं? रोज बोलून बोलून मायनंच तिले चढवलं. हे बंद झालं का थे वळणावर येते." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "तुही पाळी आली का तुले समजीन."

मला त्यातून एकच गोष्ट समजली. पिनचं कुलूप फोनला आहे, सिमला नाही. मी सेफ्टी पिनने नव्या फोनचा कप्पा उघडला. दादाने सिम मोडून घातलं होतं आणि त्याची मोठी चौकट फेकली नव्हती, ती अजून कोनाड्यात पडून होती. बारकं सिम तिच्यात बसवलं, मागून चिकटपट्टी लावली आणि जुन्या फोनमध्ये घातलं. रेंज आली. मी तो मायच्या पुढे धरला.

"घे. बोल तिच्याशी. झालं का परत नव्यात टाकते. दादाले समजणार नाई."

मायने जुना फोन हातात घेतला. अंगठा बटनांवरून फिरला, पण तिने एकही दाबलं नाही.

"चोरून कायले बोलू?" ती म्हणाली. "मी काय पळून चालली कोणासंगं? पोरगी हाये माही. टाक थे नव्यात जसं होतं तसं."

"माय, एवढ्या मेहनतीनं..."

"कोणी सांगतलं तुले मेहनत कराले? पह्यले पोरीले कापाची मेहनत केली, आता चोरून जोडाची. टाक म्हणतो न."

मी सिम परत नव्या फोनमध्ये टाकलं.

गहू निसवायला लागला होता, ओंब्या बाहेर पडत होत्या. या वेळी पाणी चुकलं की दाणा भरत नाही हे सांगायला कृषी केंद्राची गरज नसते. त्या आठवड्यात लाइन सकाळची होती. ऊन अंगणात आलं तसा दयारामचा मिस कॉल आला. माय ओट्यावर बसली होती. तिने फोनकडे पाहिलं आणि मेथी निवडत राहिली. पुन्हा मिस कॉल आला. मग दयारामने पूर्ण फोन केला, आणि मायने तोही उचलला नाही. थोड्या वेळाने तो सायकलवर घरी आला.

"माय, लाइन आली. पाइप जोडून झाले."

"जोडले न? मंग घरी जाय, आराम कर."

"अन् मोटर?"

"मोटर मी नाई लावत. ज्याचं वावर हाये थो लावीन."

दयारामने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे हात नेला तेव्हा माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बोट लावशीन तं तूही जाय अमरावतीले." मी हात मागे घेतला.

दयारामने ओट्याखाली उभं राहूनच दादाला फोन केला. दादा आला, घरात न येता सरळ शेतात गेला, किल्लीने खोली उघडून हाताने मोटर सुरू केली आणि मेहकरला परत निघाला. तो गावाबाहेर पडेपर्यंत लाइन एकदा गेली आणि परत आली. मोटर बंद पडली. आता ती सुरू करायला पुन्हा फोन हवा होता, नाहीतर किल्ली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी दादा घरी आला. दयाराम त्याच्या मागे, दाराशी उभा.

"माय, हे काय नाटक लावलं?"

"पाणी पी," माय म्हणाली.

"पाणी गव्हाले पाहिजे. मले दुकान सोडून रोज येणं जमत नाई."

"नको येऊ. किल्ली दयारामले दे."

दादाने खिशावर हात ठेवला. दयाराम जमिनीकडे पाहत होता.

"मेकॅनिकले बोलावतो," दादा म्हणाला. "डब्यात माहा नंबर टाकतो. दयाराम मले मिस कॉल देईन, मी तिकून चालू करीन."

"मले नाई जमत थे," दयाराम म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण तो थांबला नाही. "मागं तुमीच तिकून सांगून चालू केली, पाइप निसटला होता. पाणी शेजारच्या वावरात गेलं, अन् नाव माहं झालं. माय जवळ हाये, माय आवाज देऊन विचारते. मी मिस कॉल मायलेच देईन."

"तुले इचारलं काय बे कोणी?"

"इचारलं नाई," दयाराम म्हणाला.

दादाने मायपुढे हात केला. "आण थो फोन. मीच घेऊन जातो."

मायने फोन उचलला आणि त्याच्या हाताच्या अगदी जवळ धरला. "ने. अन् स्टेटसही काढून टाक. नाईतं दुसरा फोटो टाक, मायचा फोन नेतानाचा. पुष्पा काढीन. तिले चांगला येते."

दादाचा हात तसाच राहिला. बाजूच्या ओट्यावर सोजराबाई केव्हाच्या येऊन बसल्या होत्या आणि तांदूळ निवडल्यासारखं करत होत्या. दादाने त्यांच्याकडे पाहिलं, मग मोबाईलमध्ये वेळ पाहिली. लाइन दुपारपर्यंतच होती.

"काय पाहिजे तुले?" तो म्हणाला.

"जयमालाचं तोंड."

"सहाच बसतात याच्यात."

"मंग वाच, कोण कोण हाये."

त्याने खाटेवर बसून पिन टाकला. चौकोनांवर बोट फिरवत तो वाचायला लागला. लहानपणी शाळेतून आल्यावर तो असाच मायला पाटीवरचं वाचून दाखवायचा, असं ती सांगते. आत्ता तो दात आवळून वाचत होता.

"दयारामले काढू?"

"मिस कॉल कोण देईन मंग?"

"डॉक्टर."

"मले मरू द्याचं हाये काय?"

"तुह्या सुनेचा नंबर..."

"थे मले रोज इचारते, जेवल्या काय म्हणून. राहू दे तिले."

"पुष्पा तं घरातच हाये."

माय पहिल्यांदा माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर माया नव्हती, पण ती माझं वजन करत होती असं मला वाटलं. "आज हाये. उद्या तिलेही इकडून कापशीन तू. राहू दे."

"मंग मोटर काढू काय?"

"तुहं काढ," माय म्हणाली.

दादाने वर पाहिलं.

"तू काय इचारते मले फोन करून? मोटर चालू झाली काय. बंद झाली काय. थे तं डब्यातली बाईही सांगते."

"माय, मंग मी फोन केला तं लागणार नाई."

"जयमालाचाही नवता लागत. मेली नाई थे."

त्याने स्वतःचा टिळा लावलेला फोटो काढून टाकला. मग म्हणाला, "फोटो कोणापाशी हाये तिचा?"

माझ्याकडे होता, पण तिचा एकटीचा नव्हता. राखीचा होता, सही मागायच्या आधीच्या वर्षीचा, दोघं शेजारी बसलेले. मी दादाला बाजूने कापला आणि उरलेला त्याला पाठवला. नंबरही मलाच सांगावा लागला. त्याने तो पुसून टाकला होता.

चौकोन भरला. दादाने फोन मायच्या मांडीवर ठेवला. "आता लाव मोटर."

मायने जयमालाताईच्या फोटोवर बोट ठेवलं. काचेवर तिचं बोट पहिल्यांदाच मोटरखेरीज कुठेतरी नेमकं पडलं. ताईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आता आठवण आली तुले? इतले दिवस..."

"बोंबलू नको," माय म्हणाली. "मोटर लावाची हाये. थांब, मंग बोलतो." तिने फोन ठेवला आणि मोटरच्या चौकोनावर बोट ठेवलं. डब्याचा उलट फोन आला. तिने तो दादाच्या कानाशी नेला. 'मोटर चालू झाली आहे.' दादा उठून गेला. जाताना त्याने दयारामला किल्ली दिली नाही.

मग मायने ताईला परत लावला आणि त्या दोघी दुपारभर भांडल्या. तू यायला पाहिजे होतं, असं माय म्हणत होती. कोणत्या तोंडानं येऊ, असं ताई म्हणत होती. मध्येच ताईने आमच्या गव्हाचं विचारलं, आणि मायने सांगितलं, आणि पुन्हा भांडण सुरू झालं.

आठवड्याने दादाचा मला फोन आला. मायचा त्याला आता लागत नव्हता.

"मोटर चालू झाली काय?"

मी मायला विचारायला गेले. ती फोनवर होती. तिने फोन कानापासून जरासा दूर धरला. "त्याले सांग, जयमालाले इचार म्हणा. तिले सांगतलं मी."

मी तसंच सांगितलं. पलीकडे दुकानातले आवाज ऐकू येत होते, कुणीतरी खताची किंमत विचारत होतं.

"तिचा नंबर पाठवू काय?" मी विचारलं.

त्याने फोन ठेवला. संध्याकाळी मी दळण घेऊन येत होते तेव्हा त्याची गाडी समोरून गेली. ती घराकडे वळली नाही, सरळ शेताच्या रस्त्याला लागली. मोटर चालू आहे की नाही ते डोळ्यांनी पाहायला.